फ्योदोरच्या नावाने

उंबऱ्यावर पाय ठेवण्याआधीच ओटिलियाने रौशनच्या नाकासमोर बोट धरलं.

"आधी ऐक. मी आत काय करते ते खुशाल बघ. पण माझं झालं की तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. रहमत नाही, काही नाही."

"आपा, एवढ्या पहाटे, एवढ्या बर्फातून तुम्ही आलात आणि मी साधं—"

"साधंही नाही आणि वाकडंही नाही. आभार मानलेस की केलेलं सगळं पुसलं गेलं."

रौशन आजारी फर्डिनांडची सून. कझाख घरातली मुलगी; तिच्या माहेरी चहाचा रिकामा पेला खाली ठेवतानाही रहमत म्हणून आभार मानतात. उपकार घेऊन गप्प बसायचं म्हणजे तिच्या लेखी जेवण मांडलेल्या दस्तरखानावरून बुटांसकट चालत जाणं. तिने मान हलवली, पण डोळ्यांत विश्वास नव्हता. स्वतःच्या जिभेवरचा.

"आणि चहा?"

"चहाही नको."

"बौर्साक तळलेत ताजे."

"नवऱ्याला घाल."

"तो खाणीवर गेलाय, रविवारी येईल."

"मग कोंबड्यांना घाल. माझ्यासमोर आणू नकोस, म्हणजे झालं."

रौशनने शालीचं टोक ओढून दातांखाली धरलं आणि दार पुरतं उघडलं.

नियम ओटिलियाचा नव्हता. तिच्या सासऱ्याने मरण्याआधी तिला आजार उतरवायचे शब्द दिले, त्यांच्याबरोबरच नियमही आले. शब्द पुरुषाने बाईला द्यायचे आणि बाईने पुरुषाला. आजाऱ्याकडून बोलावणं आलं तर नाही म्हणायचं नाही, आणि बोलावणं नसेल तर जायलाच हवं असं नाही. मोबदला घ्यायचा नाही, आणि आभार तर ऐकूनही घ्यायचे नाहीत. हे शेवटचं ओटिलियाला सगळ्यात जास्त पटे, कारण ते हिशेबाला धरून होतं. माणसाने आभार मानले म्हणजे व्यवहार दोन माणसांतच मिटला. मिटलेल्या व्यवहारात देवाने हात कशाला घालायचा?

हिशेबाचं तिला कळत होतं. वस्तीच्या सामुदायिक गोठ्यावर तिने उभं आयुष्य दूध मोजण्यात घालवलं होतं. कोणाच्या कॅनमध्ये किती पाणी आहे हे ती झाकण काढण्याआधी, आणणारीच्या चालीवरून सांगत असे. पुढे गाई गेल्या, गोठा गेला, सोव्हिएत संघसुद्धा गेला. सवय तेवढी राहिली. आता कारागंदाच्या रस्त्यावरची ही वस्ती निम्मी रिकामी झाली होती, व्होल्गाकाठून इथे आणून टाकलेली जर्मन घरं एकामागून एक सामान बांधून जर्मनीला निघाली होती, आणि जाणाऱ्यांपैकी कोण कशात पाणी घालून गेलं हे ओटिलियाच्या डोक्यात जागच्या जागी होतं.

फर्डिनांडच्या नावावर एकच गोष्ट होती. पण ती एकच तिला पुरली होती. इतकी वर्षं त्याच रस्त्यावर राहून तिने या घराचा उंबरा ओलांडला नव्हता.

आत शिरताच पहिली ऊब तोंडावर आली. छताला भिडणारी, भिंतीएवढी चूल, चुन्याने पांढरी केलेली. तिच्या अंगाला लावून फर्डिनांडची खाट होती. ओटिलियाने चुलीकडे एकदाच बघितलं. पांढऱ्या भिंतीत उशाजवळ एक वीट तेवढी उघडी, मातकट होती आणि तिच्यावर बोटाने ओढलेला क्रूस होता.

ते बोट तिच्या आईचं होतं.

तेव्हाचं वस्तीचं प्रार्थनाघर म्हणजे बायकांनी मिळून विकत घेतलेलं एक मातीचं घर होतं. पाद्री नव्हता, तो पकडून नेला होता. आगमनकाळातल्या पहाटे बायका तिथे जमून नाताळची वाट बघत जपमाळ म्हणायच्या. तिथली चूल त्यांनीच उभारली होती. विटा ओटिलियाच्या आईने, कुनिगुंडाने, थापल्या होत्या आणि त्यातल्या एका ओल्या विटेवर क्रूस ओढून ठेवला होता. मग देवधर्म मोडून काढायचा हुकूम वरून आला, आणि तो अमलात आणायला आले सामुदायिक शेतावरचे ब्रिगेडप्रमुख फ्योदोर इवानोविच. हे फ्योदोर इवानोविच म्हणजे फर्डिनांडच. बाप्तिस्म्याचं नाव त्याने पक्षाचं कार्ड घेताना गुंडाळून ठेवलं होतं. माणूस हुशार. त्याने दाराला कुलूप घातलं नाही. कुलूप बायका तोडतात. त्याने चूल मोडून विटा गाडीत घालून नेल्या. डिसेंबरात स्टेपच्या उघड्या माळावर चूल नसलेलं घर कुलपापेक्षा पक्कं बंद होतं.

बायका काही दिवस आल्या. मग एकेक गळाली. कुनिगुंडा मात्र जात राहिली, अंधारात एकटी, श्वासाने भिंतीवर दव धरेपर्यंत प्रार्थना म्हणत. नाताळ तिने पाहिला. जानेवारीत तीन राजांचा सण आला तेव्हा ती छातीत पाणी भरून गेलेली होती.

पुढच्या उन्हाळ्यात फ्योदोर इवानोविचने स्वतःचं घर बांधलं. विटा मिळण्याचे ते दिवस नव्हते. काही वाया घालवायचं नाही, हा एक जर्मन गुण त्याने तेवढा जपला होता.

आणि सोव्हिएत संघ गेल्यावर तोच माणूस चर्चमध्ये येऊन सगळ्यात मागच्या बाकावर बसू लागला. लोक त्याला पुन्हा फर्डिनांड म्हणू लागले. ओटिलियाला लोकांची मोठी गंमत वाटली. कॅनवरची चिठ्ठी बदलली की दूध बदललं.

"आलीस," खाटेवरून आवाज आला.

"बोलावणं आलं, आले."

"येशील असं वाटलं नव्हतं."

"मलाही नव्हतं वाटलं. पाय दाखव."

रौशनने गोधडी बाजूला केली. डावा पाय घोट्यापासून वर सुजून चकाकत होता, लाल, कडेला जांभळा. धावरं. दुरून हात धरला तरी झळ लागत होती. गुडघ्याच्या खाली निळ्या पेनने एक रेघ ओढलेली होती.

"डॉक्टरने काढलीय," रौशन म्हणाली. "इंजेक्शनं चालू आहेत. उद्या दुपारी पुन्हा येणार. लाली या रेघेच्या वर गेली तर कारागंदाला नेणार, आणि मग..." तिने पुढचं शालीत चावलं.

"मग कापणार," फर्डिनांड म्हणाला. "बोल की. पाय माझा आहे, तू का लाजतेस?"

"आबा, गप्प राहा."

"हिला वाटतं, शब्द उच्चारला नाही तर करवत येणार नाही."

ओटिलिया स्टुलावर बसली. पाठ चुलीला लागली. चूल धूर उत्तम ओढत होती. कुनिगुंडाच्या विटा, ओढणारच.

"आपा, ती वीट बघितलीत?" रौशनला गप्प राहवत नव्हतं. "दर वसंतात मी सगळ्या चुलीला चुना देते. तेवढी एक आबा रंगवू देत नाहीत. म्हणतात, ओल धरते."

"आत्ता चुन्याचं राहू दे," ओटिलिया म्हणाली. "दिवा जवळ आण."

शब्द नावाने चालतात. नावाशिवाय ते नुसता वारा. आणि नाव बाप्तिस्म्याचं लागतं. देव माणसाला त्या नावाने हाक मारतो, बाकीची कागदपत्रांसाठी असतात. हेही सासऱ्यानेच सांगितलं होतं. ओटिलियाने आजवर कोणालाही नाही म्हटलं नव्हतं. तिच्या कोंबड्या चोरून वोदका पिणाऱ्या ड्रायव्हरच्या दाढदुखीवरही तिने शब्द घातले होते, आणि पूर्ण घातले होते. इथेही ती नाही म्हणणार नव्हती. रात्रभर तिने त्याचाच विचार केला होता. बोलावणं आलंय, जायला हवं. गेलं की म्हणायला हवं. पण काय द्यायचं आणि किती, ते कोणी बघायला येणार होतं?

तिने लाल कातडीवर हवेतच अंगठ्याने क्रूस काढला. पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावाने. ओठ हलू लागले. वस्तीत सगळे याला पुटपुटणं म्हणत, आणि ते खरंच तेवढंच ऐकू येई. मग नावाची जागा आली.

"फ्योदोर," ती म्हणाली.

पुन्हा क्रूस, पुन्हा शब्द. "फ्योदोर."

खाटेवरचा चेहरा इतका वेळ छताकडे होता. तिसऱ्यांदा ते नाव आलं तेव्हा तो तिच्याकडे वळला. फर्डिनांडचे डोळे तापाने पाणावलेले होते, पण नजर शुद्धीवरची होती. तो तिच्याकडे बघत राहिला. ओटिलियाने नजर हलवली नाही. तो आता काही बोलणार, असं तिला वाटलं, आणि काय उत्तर द्यायचं हेही तिने तयार ठेवलं होतं. ज्याने चूल मोडली त्याचं नाव घेतलं, एवढंच ती म्हणाली असती.

त्याने डोळे मिटले. तिने सुजेवर फुंकर घातली, शेवटचा क्रूस काढला आणि हात मांडीवर ठेवले.

रौशनने शाल इतकी तोंडात कोंबली होती की गाल फुगले होते. चुलीत कोळसा चिरकत होता. ओटिलिया उठली, तिने हातमोजे चाचपले.

"देव तुला याची फेड देवो, ओटिलिया," फर्डिनांड म्हणाला.

जुन्या बोलीत, व्होल्गाकाठच्या त्यांच्या गावात म्हणत तसं, सावकाश आणि स्पष्ट. वस्तीतल्या जर्मन बोलण्यात यापेक्षा मोठे आभार नाहीत.

रौशनच्या तोंडातून शाल गळून पडली.

"आबा. अहो, काय केलंत हे?"

"म्हातारा माणूस. निसटलं तोंडातून."

"मी इतका वेळ लोकर चघळत बसलेय, जीभ सुकली माझी, आणि तुम्ही..."

"सून बरी मिळालीय," फर्डिनांड ओटिलियाला म्हणाला. "शिव्या देते, पण आधी जेवू घालते."

ओटिलियाने हातमोजे घातले. बाहेर रस्त्यावर अर्धं अंतर गेल्यावर तिला कळलं की डावा उजव्या हातात आहे. तिने तो काढला नाही.

चर्च म्हणजे गोठ्याची जुनी तोलाईची खोली. जिथे काटा होता तिथे आता फादर झेनॉन कबुली ऐकायला बसत. पोलंडहून आलेला पोरगेलासा माणूस, रशियन बोलताना दर वाक्यात कुठेतरी ठेचकाळायचा, आणि थंडीने नाक कायम लाल. वेदीपाशी कारागनाच्या झुडपाच्या काटेरी फांद्या वाकवून, हिरवी लोकर गुंडाळून केलेलं आगमनकाळाचं चक्र होतं. स्टेपमध्ये सूचिपर्णी झाड कुठून आणणार? चार मेणबत्त्यांपैकी दोन पेटल्या होत्या. पहाटेची मिस्सा सुरू व्हायला अजून अवकाश होता.

ओटिलिया गुडघ्यांवर बसली.

"एका आजाऱ्यावर शब्द घातले."

फादरने सुस्कारा सोडला. "आजी, यावर आपलं बोलणं झालं होतं. प्रार्थना करा. पुटपुटणं नको."

"प्रार्थनाच आहे ती. मोठ्याने म्हटली तर तुम्हीच आमेन म्हणाल."

"मग यात पाप काय सांगताय?"

"नाव चुकीचं घेतलं."

"विसर पडला?"

"मुद्दाम."

फादर जरा पुढे वाकले. "दुसऱ्या कोणाचं घेतलंत?"

"त्याचंच. पण जुनं. म्हणजे जुनं नाही, मधलं."

"मधलं," फादर म्हणाले. त्यांना काही उमगलेलं नव्हतं, पण मुलगा भला होता, प्रयत्न करत होता. "देवाला कळतं, आजी, तुम्ही कोणाबद्दल बोलताय ते."

"कळलंच असणार. म्हणून तर सांगायला आले."

"त्या माणसाला बरं वाटू नये अशी तुमची इच्छा होती का?"

ओटिलिया विचारात पडली. हा प्रश्न तिने स्वतःला असा सरळ विचारला नव्हता. "त्याचं वाईट मला नको होतं. मला फक्त द्यायचं नव्हतं. आईला त्याने काय दिलं? माझ्याकडे होतं, आणि मला ते हातातून सोडवेना."

"आणि तो काय म्हणाला?"

"त्याने आभार मानले."

"मग हे तर चांगलंच झालं की," फादर झेनॉन म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरोखरचा आनंद होता.

ओटिलियाने मान खाली घातली. पोलंडमध्ये यांना काय शिकवतात कोण जाणे. फादरने तिला प्रायश्चित्त म्हणून तीन नमो मरिया सांगितल्या, आणि त्या माणसाशी मनाने समेट करा म्हणाले. तिने त्या तिथेच बाकावर म्हणून टाकल्या. फार स्वस्तात सुटले, असं तिला वाटलं. एवढं पाणी घातलेलं दूध कोणी आणलं असतं, तर तिने कॅन सगळ्यांदेखत अंगणात ओतायला लावला असता.

मिस्सेमध्ये मागचा बाक रिकामा होता. तिने वळून बघायला नको होतं, पण बघितलं.

दुपारी नणंद आली. लिडविना वसंतात जर्मनीला जाणार होती आणि तेव्हापासून दुसऱ्यांच्या घरी बसण्यात तिचे दिवस जात होते, कारण स्वतःच्या घरातल्या खुर्च्या तिने विकल्या होत्या. ओटिलिया शेवयांसाठी पीठ लाटत होती.

"तू गेलीस म्हणे त्याच्याकडे."

"बोलावणं होतं."

"मी नसते गेले."

"तुला कोण बोलावणार? तुझ्या हाताने दूधसुद्धा नासतं."

लिडविनाने ते मनावर घेतलं नाही. ती सांगायला आली होती, ऐकायला नाही. "नळावर रौशन रडत होती. पाण्याची बादली एकीकडे, ही एकीकडे. आभार मानले म्हणे म्हाताऱ्याने. बायका आधी हळहळल्या, मग हसायला लागल्या. इतकी वर्षं कोणाचे मानले नाहीत, आणि मानले ते नेमके नको तिथे."

"हसू देत."

"तुझं मात्र बरं झालं. आता पाय गेला तरी तुझ्याकडे बोट नाही. सगळे म्हणतायत, ओटिलियाने केलं होतं हो, यानेच मातीत घातलं." लिडविनाने पिठाची एक कड तोडून तोंडात टाकली. "मला एकच कळत नाही. त्याची आजी शब्द जाणणारी होती. आमची आई सांगायची, कोणी तिचे आभार मानायला तोंड उघडलं तर काठी उगारायची. तिच्या मांडीवर वाढलेला हा. आणि त्यालाच विसर पडावा?"

लाटणं थांबलं.

"काय झालं?"

"काही नाही. पीठ चिकटलं."

"आता तुला पुन्हा जायला नको, ते एक बरं," लिडविना म्हणाली. "पुसलं गेल्यावर बोलावणं पाठवता येत नाही. आपणहून गेलीस तर गोष्ट वेगळी."

"मला नियम शिकवू नकोस."

"आणि तू काही आपणहून जाणार नाहीस."

"लिडविना, तुझं सामान बांधून झालं का?"

नणंद गेल्यावर ओटिलियाने पीठ पुन्हा लाटायला घेतलं. ते इतकं पातळ झालं की खालच्या फळीच्या रेषा दिसू लागल्या, तरी ती लाटत राहिली.

त्याला नाव ऐकू आलं होतं. तिसऱ्यांदा आलं तेव्हा त्याने बघितलं होतं. तो म्हणू शकला असता, बाई, हे माझं नाव नव्हे. रौशनसमोर म्हणू शकला असता, आणि ते नळावर पोचलं असतं, आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या दुधातलं पाणी पकडणारी ओटिलिया स्वतः काय करते हे वस्तीला कळलं असतं. त्याने तसं केलं नाही. कोणी झाकण काढून बघायच्या आत त्याने कॅन स्वतःच्या हाताने उलटा केला होता. आणि वर, सगळ्यांना ऐकू जाईल असं, धक्का माझाच लागला म्हणून सांगून मोकळा झाला होता.

किंवा तापात निसटलंही असेल. म्हातारी माणसं काहीही बोलतात.

तिने ते स्वतःला दोन-तीनदा सांगून पाहिलं. पण ती माणसाची चाल ओळखायची, आणि ते वाक्य निसटून आलेलं नव्हतं. ते उचलून आणून ठेवलेलं होतं.

याचा राग तिला सगळ्यात जास्त आला. आईच्या बाबतीत तो देणेकरी होता, हे तिच्या आयुष्यातलं एक पक्कं जोतं होतं. त्यावर तिने बरंच काही उभं केलं होतं. आणि त्या माणसाने तापलेल्या पायाने खाटेवर पडल्या पडल्या तिलाच आपल्या देण्याखाली आणून सोडलं होतं. वरून मोकळीकही दिली होती. ती गेली नाही तर कोणी काही म्हणणार नव्हतं. देवसुद्धा नाही, नियम तिच्या बाजूने होता.

संध्याकाळी तिने आईचा फोटो पुसला. रोज पुसायची तसाच. कुनिगुंडा त्यात हसत नव्हती, तिचं तोंड नेहमीच असं असे, जणू दातांत टाचणी धरून शिवायला बसलीय. त्या गार घरात एकटी बसून ती कोणासाठी प्रार्थना करत होती, हे ओटिलियाने कधी विचारलं नव्हतं. तिने फोटो जागेवर ठेवला आणि थोडा भिंतीकडे वळवला.

सकाळी उजाडायच्या आत रौशनने दार उघडलं, तेव्हा तिच्या हातात राखेची बादली होती. ती तशीच उभी राहिली.

"आपा, मी बोलावणं पाठवलं नाही. मला सांगितलं, आता पाठवायचं नसतं."

"खरं सांगितलं. बाजूला हो, थंडी आत येतेय."

"मग तुम्ही..."

"राख बाहेर टाक आणि ये. नाहीतर टाकून तिकडेच थांब. काल तुझ्या गालांकडे बघून मला हसू येत होतं."

रौशन राख टाकून धावतच परत आली.

फर्डिनांड जागा होता. रात्रीत त्याचा चेहरा खाली बसला होता, नाक वर आलं होतं. रौशनने न सांगताच गोधडी दूर केली. लाली निळ्या रेघेला जाऊन टेकली होती. एका जागी, आतल्या बाजूला, बोटाच्या पेराएवढी ती रेघ ओलांडून गेली होती. दुपारी डॉक्टर येणार होता.

"ओटिलिया," फर्डिनांड म्हणाला, "कालचं..."

"गप्प राहा."

"मला एवढंच म्हणायचंय की ती चूल..."

"गप्प राहा म्हणते ना. इतकी वर्षं राहिलास, अजून थोडा वेळ राहा."

तिने स्टूल ओढलं. काल दिवा पलीकडून होता. आज रौशनने तो चुलीच्या कोनाड्यात ठेवला होता आणि उजेड विटेवर तिरपा पडला होता. ओटिलियाला बघायचं नव्हतं, पण समोरच होती. क्रूसाच्या खाचा जवळजवळ बुजल्या होत्या. वीट मधोमध गुळगुळीत, काळपट, चकचकीत झाली होती. हात लागून लागून वेदीसमोरच्या कठड्याचं लाकूड होतं तशी. पडल्या पडल्या हात जिथे पोचेल, बरोबर तिथे.

ओल धरते, म्हणे.

तिने हातमोजा काढला आणि विटेवर तळवा ठेवला. गरम होती. तिने हात लगेच काढला, मग पुन्हा ठेवला, आणि थोडा वेळ तसाच राहू दिला.

"आज तोंडातून काही निसटणार असेल तर आत्ताच सांग," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "म्हणजे मी उगाच बसत नाही."

फर्डिनांडने मान सुनेकडे वळवली.

"रौशन," तो म्हणाला, "तुझी शाल दे गं इकडे."

रौशनने एकदा सासऱ्याकडे, एकदा ओटिलियाकडे बघितलं. मग शालीचं टोक त्याच्या हातात दिलं. त्याने ते दातांत धरलं, लहान मुलाला औषध घेताना धरायला देतात तसं, आणि डोळे मिटले.

ओटिलियाने अंगठा सुजेवर धरला. पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावाने. शब्द सुरू झाले. तिला ते पाठ होते, ते आपोआप आले, एकामागून एक, आणि नावाच्या जागेपाशी येऊन थांबले.

इतक्या वर्षांत तिने ते नाव एकदाही उच्चारलं नव्हतं. लोक म्हणायचे तेव्हाही ती "तो" म्हणायची. चुलीत कोळशाचा एक थर ढासळला आणि ऊब वाढली. ओटिलियाने ओठ ओले केले.

"फर्डिनांड," ती म्हणाली.

त्याने शाल आणखी घट्ट चावली.